असोसिएटची बढती का अडते आणि काय केल्यानं सुटते

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इन्व्हेस्टमेंट बँकेत ॲनालिस्ट (पहिली पायरी, तिच्यावर असोसिएट) म्हणून तिसरं वर्ष चालू आहे, रेटिंग चांगलं मिळतं, टीममध्ये सगळ्यात पक्कं आर्थिक मॉडेल तुमचंच असतं असं व्हीपीही (असोसिएटच्या वरचे) म्हणतात. तरी यंदा असोसिएटची बढती ‘अजून थोडं थांबू’ म्हणून पुढे ढकलली आणि नेमकं कमी काय पडलं ते कोणी धड सांगत नाही. मी आधी बढतीची वाट पाहिली आहे, नंतर बढत्या ठरवणाऱ्या बैठकींनाही बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या बैठकीत मॉडेलिंगवर फारसं बोलणं होत नाही. तिसऱ्या वर्षी ते येतंच असं गृहीत धरलेलं असतं. खरा प्रश्न एकच असतो: याच्याकडून आलेलं काम मला पुन्हा मुळापासून तपासावं लागतं का? ‘खूप मेहनती आहे’ एवढंच एखाद्या व्हीपीनं सांगितलं तर ते नाव मागे पडतं. ‘मी आठवडाभर नव्हतो, कंपनी घेऊ पाहणाऱ्या खरेदीदारांचे सगळे प्रश्न त्यानंच मार्गी लावले’ असं म्हटलं की बाकीचे मान डोलावतात.

उदाहरण घेऊ. दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीसाठी कॉम्प्सचं (तशाच इतर कंपन्यांच्या मूल्याशी तुलनेचं) पान करायचं आहे, यादीत युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या कंपन्या आहेत. चांगला ॲनालिस्ट प्रत्येक आकडा वार्षिक अहवालाशी जुळवतो आणि पान पाठवतो. आकडे सगळे बरोबर, पान मात्र चुकीचं. 2019 पासून आयएफआरएस 16 (लीजचा, म्हणजे भाडेकरारांचा, हिशेब कसा धरायचा याचा आंतरराष्ट्रीय नियम) लागू झालं. तेव्हापासून युरोपातल्या कंपन्यांच्या हिशेबात दुकानांच्या भाड्याऐवजी घसारा आणि व्याज दिसतं, त्यामुळे एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढतो. अमेरिकी पद्धतीत ऑपरेटिंग लीजचं भाडं एबिटडा काढण्याआधीच वजा होतं, पण लीजचं देणं ताळेबंदात असतंच. ते देणं कोणी सरसकट कर्जात धरलं, तर अमेरिकी कंपनीचा एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि मल्टिपल (कर्ज धरून कंपनीचं मूल्य एबिटडाच्या किती पट, तो आकडा) उगाच चढतं. असोसिएट सगळ्या कंपन्या एकाच पद्धतीवर आणतो, खाली तळटीप टाकतो आणि पाठवतानाच व्हीपीला लिहितो की हे असं केलंय, त्यानं मीडियन (यादीतला मधला आकडा) इतका हलला. ही सवय आजपासून लावा. पान पाठवण्याआधी स्वतःला विचारा, एमडीनं (मॅनेजिंग डायरेक्टर, व्हीपीच्याही वरचा) यावर पहिला प्रश्न कोणता विचारला असता? त्याचं उत्तर ईमेलमध्येच द्या.

ईमेलचं मुद्दाम सांगतो, कारण याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ‘नवीन ड्राफ्ट जोडला आहे, कृपया पाहावा’ एवढंच लिहिलं की सगळं ओझं वरच्या माणसावर जातं. काय बदललं, काय अजून अडलंय, त्यावर तुमचं मत काय आणि कोणाकडून कधीपर्यंत काय हवंय, हे चार ओळींत लिहा. मत चुकलं तरी चालेल, पण मत असू द्या.

दुसरं म्हणजे ज्युनियर. नव्या ॲनालिस्टचं पान चुकलं की रात्री बसून स्वतःच दुरुस्त करणं सोपं वाटतं आणि वेळही वाचतो. तसं करू नका. कमेंट्स लिहा, कारण सांगा, त्याच्याकडूनच सुधारून घ्या आणि पुन्हा तपासा. डेडलाइन अगदी अंगावर असेल तेव्हाची गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या दिवशी त्याला बसवून दाखवाच. असोसिएटचं निम्मं काम हेच आहे, आणि ते तुम्हाला जमतं हे स्टाफरला (कोणाला कुठलं काम द्यायचं ते ठरवणाऱ्याला) त्या ज्युनियरच्या तोंडून कळलं तर आणखी चांगलं.

एखादी सेल-साइड डील (आपण विकणाऱ्याच्या बाजूनं असतो अशी) चालू असेल तर तिचा प्रश्नांचा ट्रॅकर मागून घ्या. खरेदीदारांकडून शेकडो प्रश्न येतात. काही कंपनीच्या फायनान्स टीमकडे जातात, काही वकिलांकडे, काही डेटा रूममधल्या (खरेदीदारांना पाहायला ठेवलेल्या) कागदातच सुटतात. कुठला प्रश्न कोणाकडे अडलाय, कुठल्या उत्तरानं किमतीवर परिणाम होईल आणि कुठलं उत्तर सगळ्या खरेदीदारांना एकाच वेळी द्यायला हवं, हे ज्याला विचारल्यावर लगेच सांगता येतं त्याला क्लायंट थेट फोन करू लागतो. व्हीपीच्या ते लक्षात येतंच.

आता वेळेचं. वर्षअखेरीच्या चर्चेत बढती मागायला गेलात तर उशीर झालेला असतो, नावं त्याआधीच ठरत आलेली असतात. वर्षाच्या मध्यावर व्हीपी आणि स्टाफरशी वेगवेगळं बोला. ‘मी कुठे कमी पडतो?’ असं विचारलं की गुळमुळीत उत्तर मिळतं. ‘पुढच्या डीलवर मला असोसिएटच्या जागी ठेवाल का, आणि ती नीट पार पडली तर माझं नाव तुम्ही मांडाल का?’ असं विचारा. त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमच्या बाजूनं बोलणारा माणूस हवाच. तोही एकटा पुरत नाही, दुसऱ्या टीमच्या एखाद्या एमडीबरोबरही एक डील केलेली असावी.

अजून एक शक्यता प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही वेळा जागाच नसते. डील्स मंदावल्या की बढत्या कमी होतात, आणि काही टीम असोसिएट म्हणून एमबीए झालेल्यांनाच आणणं पसंत करतात. यात तुमची चूक नाही, पण माहिती असायला हवी. म्हणून जागा आहे का हे स्टाफरला सरळ विचारा. पुढच्या फेरीतही फक्त ‘बघू’ ऐकू आलं, तर केलेल्या डील्स आणि त्यातली तुमची जबाबदारी कागदावर मांडा आणि बाहेर असोसिएट पदासाठीच बोलणी सुरू करा, ॲनालिस्टच्या जागेसाठी नको.