कॉलेज फुटबॉलमध्ये सामना हातात आल्यावरही प्रतिस्पर्ध्यावर गुण चढवत राहणे नियमबाह्य आहे का?
नाही; अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या नियमांत आघाडीवर मर्यादा नाही, परंतु असे करणे खिलाडूवृत्तीला सोडून मानले जाते आणि ते रास्तच आहे. १९६८ साली मिशिगनविरुद्ध ५०–१४ अशी आघाडी असतानाही ओहायो स्टेटने, वुडी हेज प्रशिक्षक असताना, शेवटच्या टचडाऊननंतर (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले सहा गुण) एका गुणाच्या साध्या किकऐवजी दोन गुणांचा प्रयत्न केला, जो फसला. हा सल मिशिगनने जपला आणि पुढच्याच वर्षी अपराजित ओहायो स्टेटला २४–१२ असे हरवले. पूर्वी बीसीएसच्या (राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यासाठी संघ निवडण्याची तेव्हाची पद्धत) संगणकीय क्रमवारीत विजयाचे अंतरही धरले जाई, त्यामुळे गुण वाढवण्याचा मोह होत असे; २००२ पासून ते वगळण्यात आले. राखीव खेळाडूंनी नेहमीचा खेळ करत मिळवलेल्या गुणांना मात्र हा दोष लावू नये.