डाइव्हच्या आधी व्यायाम केला तर वर येताना शरीरावर काय परिणाम होतो?

प्रश्नात लिहिलंय की तुम्ही रोज सकाळी जिममध्ये वजनं मारता, आता अंदमानला स्कूबा डायव्हिंगला निघालाय, आणि डाइव्हच्या दिवशी व्यायाम चुकवावा की नाही हे ठरत नाहीये.

चुकवा. एक सकाळ डंबेल नाही उचलले तर दंड उतरत नाहीत. आमच्या घरात यावर अजून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा मामेभाऊ अमळनेरचा. तालमीत वाढलेला, आता स्वतःची जिम चालवतो. मी भुसावळचा. दोघंही विहिरीत उड्या मारत पोहायला शिकलो, पाण्याची भीती दोघांनाही नाही. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर खोल डाइव्ह ठरल्या होत्या. पहाटे बघतो तर दादा ओसरीवर जोर मारतोय, बनियन घामानं चिंब. म्हणे, रक्त मोकळं झालं की गॅस साचत नाही. खोल पाण्यात अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होतात, ते व्यायामानं कमी होतात असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं आणि तेवढंच धरून बसला होता.

डाइव्ह दोन्ही व्यवस्थित झाल्या. खोली आणि वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरनं एकदाही तक्रार केली नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबूनच वर आलो. बोटीवर आल्या आल्या दादानं सगळ्यांचे सिलिंडर उचलून जागेवर लावले. थोड्या वेळानं उजवा कोपर ठणकायला लागला. मी विचारलं तर म्हणे, "काही नही व्हत रे भो, जोर मारानं दुखनं शे हाई." बोटीवरच्या इन्स्ट्रक्टरनंही 'मसल पुल असेल' म्हणून मान डोलावली. त्याचा राग मला आजही आहे.

मी कोपर दाबून बघितला, हात वाकवून, सरळ करून बघितला. व्यायामानं भरून आलेला स्नायू दाबला की कळवळायला होतं, हलवला की ओढ बसते. इथे दाबा, वाकवा, काही करा, ठणका तेवढाच, आत सांध्यात, आणि हळूहळू वाढणारा. शिवाय व्यायामाचं अंग दुखतं ते साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी नाही. मी भांडून ऑक्सिजनचा मास्क लावायला लावला. दुखणं बरंच उतरलं. फोनवरच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरच बेंड्स, म्हणजे त्या बुडबुड्यांनी होणारा आजार, ओळखला आणि पोर्ट ब्लेअरला चेंबरमध्ये, म्हणजे आत हवेचा दाब वाढवता येतो अशा बंद खोलीत, पाठवलं. 18 मीटर पाण्याइतका दाब देऊन शुद्ध ऑक्सिजन, मग सावकाश दाब उतरवत नेणं, असे जवळपास पाच तास. हात पूर्ण बरा झाला. तरी आजही लग्नकार्यात भेटला की दादा चारचौघांत सांगतो, जोर मारल्याचं दुखणं होतं, यानं उगाच कोंडून ठेवलं.

दादा, तू वाचलंस ते खोटं नाही, अर्धं आहे. 2004 मध्ये क्रोएशियात लष्करी डायव्हर्सना ट्रेडमिलवर जोरात पळवलं आणि 24 तासांनी कोरड्या चेंबरमध्ये 18 मीटरइतक्या दाबाखाली ठेवलं. दाब उतरल्यावर त्यांच्या शिरांतले बुडबुडे खरंच कमी दिसले. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी दोन तास आधी पाऊण तास पळवून बघितलं, तिथेही कमी. असं का होतं, तर ज्या सूक्ष्म कणांवर बुडबुडा धरतो ते व्यायामानं घटतात असा एक अंदाज, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या नायट्रिक ऑक्साइडचा हात असावा हा दुसरा. पण ती माणसं पळत होती. कोणी वजनं उचलत नव्हतं, जोर मारत नव्हतं. आणि बुडबुडे कमी दिसले म्हणजे बेंड्स होणारच नाही असं कोणीही म्हटलेलं नाही.

व्यायाम नेमका कधी करता यावर सगळं आहे. तळाशी असताना दमछाक केली की रक्तप्रवाह वाढतो आणि स्नायूंत नायट्रोजन जास्त मुरतो. वर येताना थांबलात तिथे पाय हलके हलवत राहिलात तर तो निघायला मदतच होते. पाण्याबाहेर आल्यावर मात्र श्वास कोंडून ओझं उचलायचं नाही, कारण शिरांतले बुडबुडे फुप्फुसात अडकायचे सोडून धमन्यांकडे जाऊ शकतात. दादानं सिलिंडर उचलले ते मला जोरांपेक्षा जास्त खुपतं. आणि त्याच दिवशी अंग आधीच दुखत असेल तर खरं दुखणं ओळखणार कसं? सकाळी वजनं मारण्याला माझा सगळ्यात मोठा विरोध यासाठीच आहे.

तुम्ही आदल्या दिवशी पळा, सायकल चालवा, खुशाल. घाम गेला तेवढं पाणी प्या, शरीर सुकलेलं असणं डाइव्हला वाईट. शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास विमान नाही.

एक राहिलं. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापासूनचं छोटं भोक उघडं राहिलेलं असतं. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो आणि त्रासही होत नाही. पण आधी कधी डाइव्हनंतर चक्कर, अंगावर चट्टे, हातापायाला मुंग्या असं काही झालं असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि डायव्हिंगचं कळणाऱ्या डॉक्टरला दाखवूनच पाण्यात उतरा. जिमच्या ट्रेनरला विचारू नका, तो माझा मामेभाऊ असला तरी.