लायनफिशच्या टाकीत सफाईला कोण ठेवायचं?

खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात लायनफिशसारखा विषारी काट्यांचा शिकारी मासा आणि 'सफाईला' म्हणून दुकानदाराने सोबत दिलेली कोळंबी-खेकड्यांची पिशवी. किनाऱ्यावरच्या गावागावांतून हाच घोळ पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून या वेळी तेवढेच प्रश्न घेतले आहेत.

तीन फुटी टाकीत क्लाउनफिशची जोडी आहे. लायनफिशचं पिल्लू सोडलं तर एकत्र वाढतील ना? (मालवण)

नाही. जोडी तोंडात मावायला लागली की खाल्ली जाईल. शिवाय फूटभराहून मोठ्या होणाऱ्या माशाला तीन फूट टाकी पुरत नाही.

पाच फुटी टाकीत लायनफिश आणि स्नोफ्लेक ईल (सापासारखा लांब मासा) आहेत. दुकानातून 'क्लीनअप क्रू'चं पॅकेज घेतलं: क्लीनर श्रिम्प (कोळंबी), हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा), टर्बो गोगलगायी. आठवड्यात श्रिम्प गायब, तळाशी रिकामे शंख. दुकानदार म्हणतो पाणी बिघडलं, नवा सेट घ्या. (रत्नागिरी)

घेऊ नका. पाणी तपासल्याशिवाय ते चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून होणारी विषारी द्रव्यं शून्य हवीत, ते आजच बघा. पण श्रिम्प कुठे गेले याचं उत्तर समोर पोहतंय. लायनफिश स्वतःच्या निम्म्या लांबीचं भक्ष्यसुद्धा अख्खं ओढून घेतो. स्नोफ्लेक ईलचे बरेचसे दात बोथट असतात, कवच फोडण्यासाठीच. खेकडा आणि कोळंबी हे तिचं रोजचं जेवण. 'क्लीनर श्रिम्पला शिकारी मासे हात लावत नाहीत' हे ऐकीव वाक्य समुद्रातल्या प्रवाळखडकांवर काही अंशी खरं आहे. काचेच्या टाकीत श्रिम्प कात टाकतो, त्या रात्री त्याचं अंग मऊ असतं, आणि पळायला जागा नसते.

आता मूळ गैरसमज. हे प्राणी टाकी साफ करत नाहीत. नासारियस गोगलगाय वाळूतून वर येऊन मांसाचा उरलेला तुकडा खाते, टर्बो काचेवरचं शेवाळ खरवडते, आणि दोघीही विष्ठा टाकतात. त्या घाणीतून शेवटी होणारा नायट्रेट आहे तिथेच राहतो. उलट मोठी टर्बो दगडामागे मरून पडली आणि दोन दिवस कळलं नाही, तर अमोनिया चढतो. शिकारी मासा मांसावर जगतो, त्यामुळे त्याच्या टाकीत घाण जास्त होते. ती काढणारे तिघे: दमदार प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र), दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणं आणि लांब चिमटा. खाऊ घातल्यावर दहा मिनिटांनी उरलेला तुकडा चिमट्याने बाहेर काढा. मोठ्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाणं पुरे. हे करणार नसाल तर शंभर गोगलगायी आणूनही उपयोग नाही.

तरी हव्याच असतील तर जाड कवचाच्या टर्बो किंवा ट्रोकस, मोजक्या. लायनफिश त्यांच्याकडे बघत नाही, ईलही बहुधा नाही. हिरवा ब्रिटल स्टार (तारामाशासारखा प्राणी) 'सफाईवाला' म्हणून विकतात, पण तो रात्री झोपलेले लहान मासे धरतो. सोबतीला मासाच हवा असेल तर चांगल्या वाढलेल्या फॉक्सफेसचा विचार करा. तो शेवाळही खातो, मात्र त्याचेही काटे विषारी असतात. आणि ईल आहे तर झाकणाला पाइपची भोकंसुद्धा उघडी नकोत, ती बाहेर पडतेच. खरेदीआधी टाकीची मापं आणि पाण्याचे आकडे घेऊन जाणकाराला दाखवा. तुमच्या पत्रात नायट्रेटचा आकडाच नाही.

लायनफिशसोबत क्लाउन ट्रिगर मासा किंवा केंड (पफरफिश) ठेवला तर? (अलिबाग)

नको. दोघेही त्याचे पंख कुरतडतात, आणि गोगलगायी फोडून खातात.

जिवंत गप्पी आणि गोल्डफिश घातले तर? (मुरुड)

नकोत. गोड्या पाण्यातले मासे समुद्री शिकाऱ्याला रोजचा आहार म्हणून चालत नाहीत. गोल्डफिशमधल्या थायमिनेजमुळे जीवनसत्त्व बी-1 घटतं. माकूल, कोळंबी, तिसऱ्या, पांढऱ्या मांसाचा मासा आलटून पालटून द्या, सगळं गोठवून मग वितळवलेलं.

ओहोटीला कातळावरच्या डबक्यांतून खेकडे, समुद्रकाकडी, प्रवाळाचे तुकडे, हेकरूचं (ग्रूपर माशाचं) पिल्लू आणलं तर फुकटात काम होईल? (वेंगुर्ले)

समुद्रकाकडी आणि प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. उचलणं हा गुन्हा आहे, तुकडा मेलेला असला तरी. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. हेकरू टाकीत मावणार नाही एवढं वाढतं. शंकूसारख्या शंखातली जिवंत गोगलगाय कधीही हातात घेऊ नका, तिचा दंश जीवघेणा ठरू शकतो. बाकी प्राण्यांबद्दल आधी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात किंवा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा.

माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत. मित्राच्या सांगण्यावरून आठ दिवस लसूण दिला, ठिपके गेले, परत आले. आता टाकीत तांब्याचं औषध घालू? (दापोली)

आठ दिवस वाया गेले. हे ठिपके परजीवीचे असतात, आणि लसणाने तो मरत नाही. तो काही दिवसांनी माशावरून गळून तळाशी जातो, तिथे वाढतो आणि दुप्पट जोराने परत येतो. ठिपके जाणं म्हणजे बरं होणं नव्हे. तांबं मुख्य टाकीत घालू नका: गोगलगायी मरतील, दगड-वाळू ते शोषून घेतील. मासे वेगळ्या टाकीत हलवा. तिथलं प्रमाण किटने रोज मोजायचं असतं, आणि ईल तांब्याला नाजूक, म्हणून मात्रा स्वतः ठरवू नका, मत्स्यतज्ज्ञाला आजच फोन करा. मुख्य टाकी दहा-अकरा आठवडे माशांविना ठेवावी लागेल. नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवला असता तर ही वेळ आली नसती.

टाकी धुताना लायनफिशचा काटा लागला. घरच्यांनी हळद-चुना लावला. (देवगड)

तो धुऊन टाका. हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, म्हणून दुखणं थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा भोवळ आली तर गरम पाण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.