छोट्या देशाला मते कशी मिळतात?

प्रश्न : मालदीवचे परराष्ट्रमंत्री संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले ते भारताच्या पाठिंब्यामुळेच, असे ऐकले. मोठ्या देशाने शब्द टाकला की छोट्या देशाला अशी पदे मिळतात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भारताच्या पाठिंब्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आपले परराष्ट्र सचिव मालेला गेले असताना तो जाहीर झाला, आणि निवडून आल्यावर अब्दुल्ला शाहिद यांनी के. नागराज नायडू या भारतीय अधिकाऱ्याला आपल्या कार्यालयाचे प्रमुख नेमले. परंतु आमसभेत १९३ सदस्य आहेत आणि भारताचे मत त्यांतले एकच. ७ जून २०२१ रोजी शाहिद यांना १४३ मते पडली. बाकीची १४२ मालदीवला देशोदेशी जाऊन मागावी लागली.

जेमतेम पाच लाख वस्तीच्या या देशाला बहुतेक राजधान्यांत दूतावास ठेवणे परवडत नाही. त्यामुळे खरे काम चालते ते न्यूयॉर्कमध्ये, जिथे सगळ्या देशांचे प्रतिनिधी एका शहरात भेटतात. तिथे पाठिंबा मागणारी पत्रे जातात, लेखी आश्वासने घेतली जातात, आणि ‘या निवडणुकीत तुम्ही आम्हाला, त्या निवडणुकीत आम्ही तुम्हाला’ अशी देवाणघेवाण ठरते. मतदान मात्र गुप्त असते. प्रतिनिधी मतपत्रिकेवर नाव लिहून ती पेटीत टाकतो आणि कोणी शब्द पाळला हे कधीच कळत नाही. म्हणून शब्द लवकर आणि गरजेपेक्षा जास्त जणांकडून घ्यावा लागतो.

याच मालदीवने जून २०१८ मध्ये सुरक्षा परिषदेच्या जागेसाठी इंडोनेशियाशी लढत दिली, तेव्हा त्याला अवघी ४६ मते मिळाली आणि इंडोनेशियाला १४४. प्रतिस्पर्धी बलाढ्य होता हे खरे, पण त्याच वर्षी फेब्रुवारीत मालदीवमध्ये आणीबाणी लागली होती, न्यायाधीशांना अटक झाली होती आणि त्याआधी २०१६ मध्ये तो देश राष्ट्रकुलातूनही बाहेर पडला होता. घरात अशी परिस्थिती असताना बाहेर विश्वास मागणे अवघड जाते, असे माझे मत आहे. सत्तांतरानंतर, डिसेंबर २०१८ मध्येच, शाहिद यांची उमेदवारी जाहीर झाली.

आकाराने लहान असणे ही अडचण नव्हे. सुमारे एक लाख वस्तीचा सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स हा कॅरिबियन देश २०१९ मध्ये १८५ मतांनी सुरक्षा परिषदेवर गेला, कारण त्याच्या प्रादेशिक गटाने त्याला आधीच एकमुखी पाठिंबा दिलेला होता. ऐन वेळी उतरलेल्या एल साल्वादोरला सहा मते मिळाली.

शाहिद यांच्यासमोर अफगाणिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री झल्मई रसूल होते, मोठ्या अनुभवाचे आणि मानाचे. परंतु ते जानेवारी २०२१ मध्ये रिंगणात आले. काबूलशीही भारताचे संबंध तेव्हा जिव्हाळ्याचे होते, तरी दिल्लीने मालेला शब्द दिला तेव्हा दुसरा उमेदवारच नव्हता, आणि दिलेला शब्द भारताने मागे घेतला नाही.