‘येते’ म्हणावे

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी पहाटे सहलीला निघताना तू पाठीला पिशवी अडकवलीस, चौकटीवरच्या मेझूझाला, धर्मवचने ठेवलेल्या त्या डबीला, बोटे लावून ती ओठांना टेकवलीस आणि म्हणालीस, “आई, मी जाते.” मी तुला दारात थांबवून ‘येते’ म्हणायला लावले. खाली बस उभी होती म्हणून तू तसे म्हणालीस, पण जिन्यावरून विचारलेस, “हिब्रूत तर सगळे सरळ ‘जाते’ म्हणतात. मराठीत निघताना ‘येते’ असे खोटे का बोलायचे?” तेव्हा उत्तर द्यायला वेळ नव्हता. तू परत येईपर्यंत हे लिहून ठेवते आहे, कारण तोंडी सांगू लागले तर मधेच माझा गळा भरून येईल आणि तू विषय बदलशील. वाचताना एखादा शब्द अडला तर मला विचार.

आपल्या मराठीत शेवटाचे शब्द घरात उच्चारत नाहीत. बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणतात, दुकान बंद करायचे ते ‘वाढवायचे’, नारळ फोडायचा तोही ‘वाढवायचा’, आणि ‘दिवा विझव’ असे कोणी म्हणाले तर आजी लगेच ‘मालव म्हण’ असे सांगत असे. माणूस मरतो तेव्हा मात्र मराठीत ‘गेला’ एवढेच म्हणतात. वेगळे काही सांगावे लागत नाही. म्हणून जिवंत माणसाने उंबरठ्यावर ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. अलिबागच्या इस्रायल आळीत आम्हीही ही रीत शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान घरांसारखीच पाळली. नौगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, वाढलो, अशी आपल्यात परंपरा आहे. त्या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शनिवारच्या विसाव्याचा शब्बाथ त्यांनी सोडला नाही आणि भाषा मात्र मनापासून तिथली घेतली. त्यामुळे मेझूझाला हात लावणे आणि ‘येते’ म्हणणे या दोन्ही गोष्टी मी एकाच दारात, एकाच बाईकडून, आजीकडून, शिकले. त्यांपैकी एक धर्माची आणि दुसरी परक्यांची, असे मला कधी वाटले नाही.

पण मंगळवारी माझा आवाज चढला तो केवळ रीतीसाठी नव्हता. त्याचे कारण तुझा मामा आहे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी लग्न होऊन इकडे इस्रायलमध्ये अश्दोदला आले. तो आजीसाठी अलिबागेतच राहिला आणि आजी गेल्यावरही राहिला. त्याने लग्न केले नाही. आम्ही लहान असताना शुक्रवारी संध्याकाळी आजी काचेच्या पेल्यांत पाण्यावर खोबरेल घालून शब्बाथचे दिवे लावी. ते फुंकायचे नसतात, आपोआप शांत होऊ द्यायचे असतात. दादा आणि मी अंथरुणात पडून एकेक दिवा आपला मानत असू आणि कोणाचा आधी शांत होतो ते पाहत जागत असू. माझा आधी गेला की तो हळूच म्हणे, “तुझा निजला, आता तूही नीज.” हे मला आता कोणाला विचारून ताडून पाहता येत नाही, कारण त्या खोलीत आम्ही दोघेच होतो.

त्याची शेवटची भेट झाली तेव्हा मी एसटी स्थानकावर त्याला ‘येते’ म्हणाले आणि चार वर्षे गेले नाही. मूल व्हावे म्हणून माझे उपचार चालू होते. या देशातला आरोग्य विमा दोन अपत्यांपर्यंत आणि बाईच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांचा खर्च उचलतो, आणि मी बेचाळीस ओलांडले होते, म्हणून प्रत्येक महिना मोजलेला होता. पेसाहच्या सणानंतर येते, असे मी त्याला दोन वेळा कळवले आणि दोन्ही वेळा ते पुढे ढकलले. त्याने कधी तक्रार केली नाही. एकदा फोनवर एवढेच म्हणाला, “मी खंडाळ्याला जाऊन नवस बोललो आहे. मूल झाले की मालिदा तिथेच करायचा.” मालिदा म्हणजे आपले आभाराचे गोड पोह्यांचे ताट, आणि हे घाटातले खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे. तिथल्या कातळावर एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या रथाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे.

तो गेला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता. हृदयविकाराचा झटका आला. उपचारात माझ्या पोटात गर्भ ठेवून चारच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. आपल्यात दफन थांबवून ठेवत नाहीत. मृतासाठी म्हणायच्या कद्दीश प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आळीत तेवढे उरले नव्हते, म्हणून पेणहून आणि पनवेलहून माणसे निघाली, आणि मी इथे फोन कानाला लावून नऊ झाले, दहा झाले असे ऐकत होते. मग फोन कोणाच्या तरी हातात तसाच चालू राहिला आणि मला मातीवर फावडे लागल्याचा आवाज आला.

शोकात भावासाठी वस्त्र उजव्या बाजूने फाडतात, आईवडिलांसाठी डाव्या. माझा बारीक निळ्या ठिपक्यांचा सदरा गळ्यापाशी चार बोटे फाडला आणि मी सात दिवस जमिनीलगत बसले. शेजारच्या मोरोक्कन बाईने उकडलेली अंडी आणून मला स्वतःच्या हाताने भरवली. सात दिवसांनी त्या फाटीला कच्चे टाके घालता येतात आणि तीस दिवसांनी ती पक्की शिवता येते. आईवडिलांसाठी फाडलेले मात्र कधीच पक्के शिवायचे नसते. त्यांचा शोक बारा महिन्यांचा, भावंडाचा तीस दिवसांचा. मी धर्मशास्त्राला दोष देत नाही, कोठेतरी रेघ ओढावी लागते. पण हा हिशेब मला तेव्हा अपुरा वाटला आणि आजही वाटतो. त्याच तीस दिवसांत उपचारही फसले. एकतिसाव्या दिवशी मी सुई ओवली, तीन टाके घातले आणि सदरा तसाच घडी करून ठेवला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात तू पाहिलेला आणि ‘हा फाटका का जपून ठेवला आहेस’ असे विचारलेला सदरा तोच.

त्यानंतरच्या प्रयत्नात तू राहिलीस. तुझा जन्म झाला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि दवाखान्यात मला दोनदा ‘तुम्ही बाळाची आजी का?’ असे विचारले गेले. मला त्याचे काही वाटले नाही; एवढेच वाटले की, ही बातमी कळवायला ज्याचा क्रमांक मला पाठ होता तो उचलणारा नाही.

नवस मी बोलले नव्हते, पण तो फेडायला दुसरे कोणी उरले नव्हते. तू सात महिन्यांची झाल्यावर आम्ही तुला घेऊन अलिबागला गेलो. आळीतल्या बायकांनी पोहे भिजवले, त्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा घातला, वर पाच फळे मांडली आणि गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या. खंडाळ्याच्या कातळापाशी चादर अंथरून ते ताट मांडले, एलियाहू हन्नबीचे गाणे म्हटले, आणि तू मुठीत खोबऱ्याचा कीस घट्ट धरून तो कोणाला काढू दिला नाहीस. एलियाहू मेला असे आपला धर्मग्रंथ तनाख सांगत नाही, अग्निरथ दिसला, तो वावटळीतून वर गेला आणि परत येणार असे सांगतो. म्हणूनच पेसाहच्या रात्री आपण त्याच्यासाठी दार उघडतो. त्या कातळाजवळ उभी असताना मला वाटले की, आपल्या कोकणातल्या माणसांना सगळ्या नबींमध्ये हाच एवढा जवळचा का वाटला असेल ते मला कळते आहे.

तिथून मी दादाच्या कबरीवर गेले. आपल्या रीतीप्रमाणे एक दगड उचलून कबरीवर ठेवला आणि तुला त्याच्या नावाकडे तोंड करून धरले. मी एसटी स्थानकावर दिलेला शब्द पुरा करायला पाच वर्षांहून अधिक काळ लागला होता आणि ज्याला दिला तो ऐकायला नव्हता. ‘येते’ हे खोटे नाही, बाळ. ते मागे राहणाऱ्याचे आपल्यावर झालेले देणे आहे, आणि मी ते उशिरा फेडले. निघताना कबरीशी मी पुन्हा ‘येते’ म्हणाले. तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात तुझ्या बात मित्झ्वाचा, धर्म पाळण्याच्या वयात येण्याचा, मालिदा आहे. पोहे मी आणले आहेत, नारळ गुरुवारी रामलेच्या बाजारातून आणीन. तो या वेळी तू वाढवायचा आहेस. कसा धरायचा ते दाखवते, मामाने मला दाखवले होते.

तुझी,
आई