गाडीच्या शंका : पिवळी केमन, मॅन्युअल गिअर

प्रश्न : पहिल्या पिढीतली पोर्शे केमन एस दोन वर्षं शोधतो आहे. पिवळी, सहा गिअरची मॅन्युअल, स्पोर्ट क्रोनो (स्टॉपवॉचचं घड्याळ आणि स्पोर्ट बटण) आणि पी.ए.एस.एम. (बटणाने कडक-मऊ होणारं) सस्पेन्शन असलेली. दलाल फोटो पाठवत राहतात, पण विचारपूस केली की काहीतरी एक कमी निघतंच. शोध कसा घ्यावा? (एक वाचक, पर्वरी)

उत्तर : चार अटी एकदम धरल्यात तर आणखी दोन वर्षं जातील. त्यातलं नंतर काय बसवता येतं आणि काय नाही, ते आधी वेगळं काढा. सीटा, स्टिअरिंग, चाकं यांचा विचारच नको, ती कधीही बदलता येतात. स्पोर्ट क्रोनोचं डॅशबोर्डवरचं घड्याळ आणि बटणसुद्धा कोडिंग करून बसतं. पी.ए.एस.एम.मध्ये मात्र चारही शॉक अब्सॉर्बर, कंट्रोल युनिट, सेन्सर आणि वायरिंग असा सगळा संसार येतो. तो मागाहून बसवणं परवडत नाही. गिअरबॉक्सचं तर नावच नको. म्हणून मॅन्युअल आणि पी.ए.एस.एम. धरून ठेवा, पिवळ्याचा हट्ट सैल करा. दुसऱ्या रंगाची गाडी पिवळी करून विकत असतील तर दाराच्या बिजागऱ्यांजवळ आणि समोरच्या डिकीच्या गालिच्याखाली मूळ रंग दिसतोच. शिवाय आरसीवरचा रंग जुळला नाही तर तपासणीत अडकायला होतं.

गाडी बघायला जाण्याआधी फोटोंवरूनच निम्म्या गाड्या गळतात. या पिढीच्या टिपट्रॉनिक गाडीत स्टिअरिंगच्या दांड्यांवर अंगठ्याने दाबायची बटणं असतात. ती दिसली की गाडी ऑटोमॅटिक, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. पी.ए.एस.एम.चं बटण मधल्या कन्सोलवर असतं, त्यावर शॉक अब्सॉर्बरचं चित्र. एस आहे की साधी, हे मागून बघा : एसला मध्यभागी दोन गोल नळ्या, साध्या केमनला एकच चपटी. लाल ब्रेक कॅलिपर एसची खूण खरी, पण लाल रंगाचा डबा कुठेही मिळतो. दलालाकडे फोटो मागताना हेच चार कोन मागा : स्टिअरिंग, कन्सोल, मागची नळी आणि समोरच्या बॉनेटची आतली बाजू.

तो शेवटचा फोटो सगळ्यांत महत्त्वाचा. बॉनेटच्या आत एक कागदी स्टिकर असतो, त्यावर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि कारखान्यात बसवलेल्या ऑप्शनचे तीन आकडी कोड छापलेले असतात. तोच स्टिकर सर्व्हिस पुस्तिकेतही असतो. २४९ म्हणजे टिपट्रॉनिक, ४७५ म्हणजे पी.ए.एस.एम., ६४० म्हणजे स्पोर्ट क्रोनो प्लस. बॉनेटवर स्टिकरच नसेल तर बॉनेट बदललेलं किंवा रंगवलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे पुढून मार बसलेला. कुणी २००७ ची गाडी 'कारखान्यातलं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल' (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं) म्हणून विकत असेल तर पुढे बोलूच नका. २२० कोडचं ते ऑप्शन केमनला २००९ च्या मॉडेलपासून मिळू लागलं.

व्हीआयएनचं दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं : ६, ७, ८ म्हणजे २००६ ते २००८, ३.४ लिटर, २९५ पीएस (अश्वशक्ती). ९ पासून पुढे इंजिन नवं, एसला ३२० पीएस. त्या इंजिनात ती बदनाम आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टची) नाहीच. २००९ नंतरची मॅन्युअल चालत असेल तर शोधाचं जाळं बरंच मोठं होतं. आम्ही तरी आधी तीच बघू. त्या गाड्यांत २५० हा कोड पीडीकेचा, म्हणजे ऑटोमॅटिकचा, हे लक्षात ठेवा. आणखी एक : मुंबई, बेंगळुरू, कोची इथल्या पोर्शेचं काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांना फोन करून ठेवा. कुठली मॅन्युअल गाडी मालकाला नकोशी झाली आहे, हे जाहिरात पडण्याआधी त्यांना कळलेलं असतं.

प्रश्न : त्यापेक्षा जपानमधून वापरलेली मागवली तर? तिथेही स्टिअरिंग उजवीकडेच. (पेडणे)

उत्तर : नाही. आयात करायची वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, ती मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि शुल्क गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतं. २००७ ची केमन त्या नियमात बसतच नाही.

प्रश्न : मुंबईत २००७ ची केमन एस मॅन्युअल सापडली आहे, ३८,००० किमी. मालक म्हणतो आयएमएस बेअरिंग बदललेली आहे. गाडी बघायला जाताना काय काय तपासून घेऊ? (मडगाव)

उत्तर : पहिली शंका त्या वाक्याचीच घ्या. २००६ ते २००८ च्या इंजिनातली बेअरिंग आकाराने मोठी आहे आणि इंजिनाचे दोन भाग उघडल्याशिवाय ती बाहेर येत नाही. ती क्वचितच बिघडते, त्यामुळे कुणी सहज बदलतही नाही. इंजिन पूर्ण उघडल्याचं बिल दाखवा म्हणावं. नाहीतर क्लच बदलताना बेअरिंगचं बाहेरचं सील काढलं असेल आणि ऐकणाऱ्याने तेच 'बदलली' म्हणून लक्षात ठेवलं असेल.

या इंजिनाचा खरा आजार सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याचा. भिंत लोकासिल या सिलिकॉनमिश्रित अ‍ॅल्युमिनियमची, पिस्टनवर लोखंडी मुलामा. मुलामा सुटला की पिस्टन भिंत खरवडतो. तो बहुधा ४, ५, ६ या सिलिंडरांत दिसतो. गोव्याच्या हवेत कडाक्याच्या थंडीतलं स्टार्टिंग नाही, एवढं आपलं नशीब. पण इंजिन तापण्याआधीच घर गाठणारी रोजची दोन-तीन किलोमीटरची फेरी तितकीच वाईट. प्लग काढून बोअरस्कोपने (नळीच्या कॅमेऱ्याने) सहाही सिलिंडर बघायला मालक नाही म्हणाला तर किंमत कितीही उतरवो, परत फिरा. प्लग काढलेच आहेत तर ओळीने मांडून ठेवा : पाच कोरडे बदामी आणि एक तेलकट काळा निघाला तर उत्तर तिथेच मिळालं.

इंजिन थंड असताना जा. तुम्ही येण्याआधी चालू करू नका, असं आदल्या दिवशी सांगा. चालू होताच पांढऱ्या धुराचा लोट निघून राहिला तर ऑइल सेपरेटर गेला. खात्री करायची तर इंजिन मंद चालू असताना तेलाचं झाकण उचलून बघा. ते आतून ओढून धरल्यासारखं सुटता सुटत नसेल तर तोच. मागच्या डिकीचा गालिचा उचला आणि कूलंटच्या टाकीखाली ओल, पांढरट किंवा गुलाबी डाग बघा. या टाकीला चिरा जातात.

मग संगणक. पिविस किंवा ड्युरामेट्रिक हे तपासणीचं यंत्र लावून डी.एम.ई.मधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून, दोन गोष्टी वाचा. पहिली, इंजिन एकूण किती तास चाललं. ३८,००० किमीला साधारण १,००० ते १,४०० तास पटतात, म्हणजे ताशी २७ ते ३८ किमी. २,४०० तास निघाले तर सरासरी १६ पेक्षा खाली येते. एवढ्यावर मुंबईची कोंडी दोषी धरायची की मीटर, ते तुम्हीच ठरवा. दुसरी, ओव्हर-रेव्हचे, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याच्या नोंदींचे, सहा टप्पे. १ ते ३ मध्ये नोंदी असणं म्हणजे गाडी जोरात पळवली, एवढंच. ४ ते ६ हे चुकीच्या खालच्या गिअरमध्ये टाकल्याशिवाय सहसा भरत नाहीत. प्रत्येक टप्प्यापुढे शेवटची नोंद कितव्या तासाला झाली तेही येतं. सहाव्यातली नोंद ताजी असेल तर व्हॉल्व्ह आणि बेअरिंगवर काय बेतलं, ते बाहेरून कळायचं नाही.

शक्य असेल तर तेल बदलून घ्या, खर्च तुमचा. सुमारे ८ लिटर, पोर्शेच्या ए४० मान्यतेचं ५डब्ल्यू-४०. जुन्या फिल्टरचा कागद कापून, उलगडून पांढऱ्या ताटात ठेवा. तपकिरी प्लास्टिकचे कण चेनच्या गाइडचे. चुंबकाला चिकटणारी चमकी निघाली तर व्यवहार तिथेच थांबवा. टायरवर आठवडा-वर्षाचा चार आकडी शिक्का वाचा. १८ इंची चाकांना पुढे २३५/४०, मागे २६५/४० हाच जोड हवा.

प्रश्न : टिपट्रॉनिक केमन निम्म्या किमतीत मिळते आहे. मॅन्युअल करून घेतली तर? (फोंडा)

उत्तर : होतं, पण करू नका. गिअरबॉक्स, ड्युअल-मास फ्लायव्हील, क्लच, पेडल, हायड्रॉलिक पाइप, गिअरच्या केबली, कन्सोल, वर डी.एम.ई.चं कोडिंग. हे सगळं एका मोडीत निघालेल्या गाडीतून मिळालं तरच हिशेब थोडा जवळ येतो, आणि भारतात मॅन्युअल केमन मोडीत निघायची वाट कोण बघणार? एवढं करूनही स्टिकरवर २४९ तसाच राहतो. पुढचा गिऱ्हाईक हा लेख वाचलेला असला म्हणजे झालं.

प्रश्न : परराज्यातली जुनी गाडी गोव्यात नावावर करायला काय लागतं? (म्हापसा)

उत्तर : मूळ आरटीओकडून फॉर्म २८ चा ना-हरकत दाखला, कर्ज फेडलेलं असेल तर फॉर्म ३५, मालकी बदलायला २९ आणि ३०, नव्या नंबरसाठी २७. सोबत विमा, पीयूसी आणि चेसिस नंबरची पेन्सिल घासून घेतलेली छाप. इथे रस्ता कर गाडीचं वय धरून भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या उरलेल्या कराचा परतावा वेगळा मागायचा. तो मिळेपर्यंत एखादी चवथ जाते, तेव्हा व्यवहाराच्या हिशेबात तो धरू नका.

लोक विसरतात ते नूतनीकरण. २००७ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२२ मध्ये संपली. पुढे पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, आणि आयात केलेल्या चारचाकीला त्याचं शुल्क ४०,००० रुपये. वीस वर्षं ओलांडली की ८०,०००. आरसीवरची मुदत बघा आणि ती जवळ आली असेल तर ही रक्कम किमतीतून वजा करा. मुदत संपलेल्या गाडीला विसार देऊ नका, 'एनओसी निघते हो' असं कुणी सांगितलं तरी. गाडी इथल्या शोरूमने विकलेली नसून खासगी आयात असेल तर बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्सच्या कागदाची) प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. शुल्क चुकवलेली गाडी जप्त होते ती शेवटच्या मालकाच्या दारातून.

प्रश्न : माझ्याकडे २००६ ची पोर्शे बॉक्सस्टर आहे, उघडणाऱ्या छपराची. जुलैत अलार्म आपोआप वाजू लागला, मग रिमोट चालेना. गालिचा ओला आहे. (वास्को)

उत्तर : चावी फिरवू नका. सीटखाली अलार्म आणि इमोबिलायझरचं युनिट आहे, ते पाण्यात बसलं आहे. आधी बॅटरीची केबल सोडा. बॅटरी बसली असेल तर समोरचं बॉनेट उघडणार नाही, कारण त्याची कडी विजेवर चालते. पायांजवळच्या फ्यूजबॉक्समधली धन पिन बाहेर ओढून तिला बाहेरची बॅटरी लावली की ते उघडतं. मग सीट काढा, युनिट बाहेर घ्या, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या आहेत का बघा. गालिच्याखालचा स्पंज पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा लागला तरी फसू नका. तो बाहेर काढूनच वाळवावा लागतो.

पाणी येतं ते छपराच्या निचऱ्यातून. छप्पर अर्धं उघडलं की दोन्ही बाजूंना बिजागरीपाशी खाचेत एकेक भोक दिसेल. त्यात सुरूची पानं आणि धूळ यांचा गच्च बोळा असतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतली नळी सुटते आणि मग पाणी कायमचं आतच. गवत कापायच्या मशीनची साधारण २.४ मिमीची नायलॉन दोरी टोक गोल करून हळूहळू फिरवत आत घाला, मग पेलाभर पाणी ओतून ते मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं का बघा. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा.

समुद्राजवळ राहता, तर दिवाळीच्या सुमारास पुढचा बंपर काढून घ्या. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत ओला पाचोळा साचतो, त्यात खारी हवा मुरते आणि पत्र्या पापडासारख्या चुरतात. बाहेरून जाळीतून टॉर्च मारली तर काळा थर दिसतो. पाण्याचा दाब कमी ठेवून आतून बाहेर धुवा.

प्रश्न : सॅन स्टॉर्म या फायबर बॉडीच्या गाडीचा टायमिंग बेल्ट मिळत नाही. रेनोचं इंजिन आहे, लोगनचा चालेल का? (डिचोली)

उत्तर : नाही. स्टॉर्ममध्ये ११४९ सीसीचं डी७एफ आहे, भारतातल्या पेट्रोल लोगनमध्ये के७ मालिकेची १.४ आणि १.६ होती. दोन्ही रेनोची, पण बेल्ट वेगळा. परदेशात ट्विंगो आणि क्लिओ १.२, आठ व्हॉल्व्ह, यांना हेच इंजिन होतं. मागवताना डी७एफ हा कोड सांगा आणि बेल्टबरोबर टेन्शनरही घ्या. जुना बेल्ट काढाल तेव्हा त्याचे दात मोजून नव्याशी ताडून बघा, मगच बसवा. फायबरच्या बॉडीला चीर असेल तर नुसती लांबी भरू नका, महिन्याभरात ती पुन्हा उमटते. मागून काचेच्या मॅटचे दोन थर रेझिनमध्ये भिजवून लावा, वाळल्यावर पुढून घासा.