सर्व्हर कधी सापडतो, कधी गायब

प्रश्न : ऑफिसातली सगळी मशीन एकाच सर्व्हरला जोडलेली आहेत, डोमेनवर आहेत (म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सर्व्हरच सांभाळतो). पण फक्त माझ्याच मशीनवर मधूनच झेड ड्राइव्ह (म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर) उघडायचा बंद होतो, नेटवर्क पाथ सापडला नाही असा मेसेज येतो, इंटरनेट मात्र मस्त चालू असतं. रीस्टार्ट केलं की सुरळीत, मग कधी तासाभरात तर कधी दोन दिवसांनी परत तेच. केबल बदलून झाली. आता विंडोज नव्याने टाकू का?

उत्तर : अजिबात नको. आणि पुढच्या वेळी ड्राइव्ह गेला की लगेच रीस्टार्टही मारू नका, कारण जे काही बघायचंय ते तेव्हाच दिसतं, नंतर सगळं छान चालू असताना तपासून काय हाती लागणार?

ड्राइव्ह गेलेला असतानाच कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आधी सर्व्हरच्या आयपी नंबरला (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता), समजा १९२.१६८.१.१०, पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे तो नंबर टाका आणि उत्तर येतं का बघा, मग सर्व्हरच्या नावाला. नंबरला रिप्लाय येतोय पण नाव सापडत नाही असं झालं (आणि तुम्ही सांगताय त्यावरून मला तोच संशय आहे) तर केबल, स्विच, सर्व्हर सगळं ठीक आहे, घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणाऱ्या सेवेचा आहे. आयपीकॉन्फिग ऑल (ipconfig /all) चालवा आणि डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीत बघा. पहिला नंबर ऑफिसच्या सर्व्हरचा आणि खाली ८.८.८.८ (गूगलचा, म्हणजे बाहेरचा डीएनएस) असं दिसलं तर चोर सापडला म्हणा. बाकीची मशीन नीट चालतायत म्हणजे हा नंबर तुमच्याच मशीनवर कुणीतरी हाताने टाकलेला असणार, बॅकअप असलेला बरा म्हणून! होतं काय, की पहिल्याने एकदा उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळतं आणि काही वेळ त्यालाच विचारत बसतं. त्या बाहेरच्या डीएनएसला अख्ख्या जगातल्या साइट माहीत, तुमच्या ऑफिसातला सर्व्हर कुठून माहीत असणार, तो सरळ सांगतो असं नावच नाही, आणि विंडोज ते उत्तर खरं मानतं, पुन्हा पहिल्याला विचारायला जात नाही. म्हणून इंटरनेट चालू आणि ड्राइव्ह बंद. रीस्टार्टनंतर गाडी परत पहिल्या नंबरवर येते, म्हणून तो उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

तेव्हा बाहेरचा नंबर काढून टाका. बाहेरच्या साइट शोधायचं काम ऑफिसच्या डीएनएसने पुढे पाठवायचं असतं, ते फॉरवर्डरचं सेटिंग सर्व्हरवर असतं, मशीनवर नाही. बॅकअप हवाच असेल तर दुसरा डीएनएससुद्धा ऑफिसातलाच पाहिजे.

नंबरलाही रिप्लाय नसेल आणि इंटरनेट चालू असेल तर वायफाय बघा, मशीन गपचूप गेस्ट वायफायवर गेलेलं असतं आणि तिथून सर्व्हर दिसतच नाही. इंटरनेटसुद्धा त्याच वेळी जात असेल तर तुमचाच आयपी दुसऱ्या कुणाकडे, म्हणजे एखाद्या प्रिंटरकडे वगैरे आहे का बघा : तुमची केबल काढा, वायफाय बंद करा आणि शेजारच्या मशीनवरून तुमच्या नंबरला पिंग करा. केबल काढलेली असूनही रिप्लाय आला तर अजून काय पुरावा पाहिजे.

दोन्ही पिंग चालतात पण ड्राइव्ह पासवर्ड मागत बसतो, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड उडवा आणि घड्याळ बघा. डोमेनवर तुमच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

प्रश्न : माझ्या ड्राइव्हवर लाल फुली दिसते, पण डबल क्लिक केलं की उघडतो. काळजीचं आहे का?

उत्तर : नाही. विंडोज सर्व्हर १५ मिनिटं काही हालचाल नसली की कनेक्शन सोडून देतो, तुम्ही क्लिक केलं की परत जोडतो. ही वेळ सर्व्हरवर वाढवता येते, पण नुसत्या फुलीसाठी कशाला हात लावताय. क्लिक करूनही उघडला नाही तर मात्र वरचं पिंग करून बघा.